डावीकडचा ब्रेक

शाजी आधी काही बोलत नाही.
टायरवर तळहात ठेवतो, सावकाश फिरवतो,
दुकानात बायका साडीचा पोत बघतात तसा.
मग खिशातलं दोनचं नाणं खाचेत उभं करतो.
नाणं राहत नाही. आडवं होतं,
घरंगळत भांडुपच्या गटाराकडे निघतं.
त्याच्यामागे धावणारा शाजीचा पोऱ्या
हे रोज करत असावा.

खाचेच्या तळाशी एक बुटका बांध असतो रबराचा,
जेमतेम दीड मिलिमीटर.
आजूबाजूची नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली
की समजायचं, झालं.
अठरा वर्षं मुलुंडमध्ये गाडी शिकवतेय मी,
तारामती मोटर ट्रेनिंग स्कूल, पाच रस्ता,
आणि हा बांध आज पहिल्यांदा बघितला.

बाजूला चार आकडे कोरलेले : ३४१९.
एकोणीस सालचा चौतिसावा आठवडा.
त्या आठवड्यात मी काय करत होते, कोण जाणे.
टायर तेवढा जन्मला होता.
आता त्याच्या कडेला भेगा,
टाचेला पडतात तशा, बारीक, न दुखणाऱ्या.

मी म्हटलं, शिकाऊ गाडी आहे रे, असंच होणार.
ही बाहेरची कड खरवडली ती निहार डोळसनं,
फुटपाथला चिकटल्याशिवाय त्याला वळताच येत नाही.
हे पुढचे दोन्ही घासले जिगीशा गडानं,
उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळते,
ओला टॉवेल पिळावा तसं.
आणि हा फुगा नाहूरच्या पुलाखालच्या खड्ड्याचा,
तिथं तर मीसुद्धा डोळे मिटते.

शाजी हसला. मग जॅक लावून चाक उचललं,
हळूहळू फिरवलं, एका जागी थांबला.
"हात लावा ताई."
गोल टायरवर एक सपाट जागा होती.
थोडं पुढं आणखी एक.
"हे पोरांचं काम नाही.
ब्रेक जोरात बसला की चाक अडतं,
गाडी मात्र जात राहते.
सगळं एकाच जागी घासतं.
ब्रेक कोण मारतं तुमच्याकडे?"

ब्रेक माझ्याकडे दोन.
एक त्यांचा. एक माझा, डावीकडच्या सीटपुढे,
ज्याच्यावरचं रबर तर केव्हाच गेलंय,
नुसतं लोखंड चकाकतं.

खारकर काकू आठवल्या.
वय एकसष्ट, पंजाबी ड्रेस खास गाडीसाठी शिवलेला.
गोशाळा रोडवर एक कुत्रा झोपला होता मधोमध.
काकूंनी बघितला होता.
ॲक्सिलरेटरवरून पाय काढलाही होता,
मी ते बघितलं होतं,
तरी दाबला.
गाडी किंचाळली. कुत्र्यानं एक डोळा उघडून मिटला.
काकू म्हणाल्या, "नाही हो जमणार मला."
उरलेल्या सहा क्लासचे पैसे मागायलासुद्धा आल्या नाहीत.

दोन टायरचे सात हजार सहाशे.
शाजीनं अलाइनमेंट फुकट करून दिली.
नव्या टायरवर लव असते,
रबराचे केस, मिशी फुटू लागलेल्या मुलासारखे.
दोन दिवसांत रस्ता ती चाटून टाकतो.
जुने दोघे भिंतीला टेकवून ठेवलेले,
जाताना मी त्यांच्याकडे नीट बघितलं नाही.

रात्री फोन लावला.
"काकू, सहा क्लास बाकी आहेत तुमचे."
पलीकडे कुकरची शिट्टी, मग बराच वेळ काही नाही.
"गुडघा दुखतो गं हल्ली," त्या म्हणाल्या.
मग, "सकाळी किती वाजता?"

मी घरातच होते, स्वयंपाकघरात, स्टुलावर बसलेले.
पुढ्यात ना रस्ता ना कुत्रा.
उजवा पाय मात्र फरशीवर
घट्ट दाबलेला होता.